दोन लाखांत जुनी महिंद्रा जीप घेऊन चालती करता येईल का?

येईल, पण रोज ऑफिसला नेण्यासारखी होणार नाही. तुम्ही लिहिलंय की सगळं मिळून बजेट दोन लाख, गाडी 1988 ची एमएम 540 डिझेल, मालक दीड लाख मागतोय आणि ‘इंजिन एक नंबर आहे’ म्हणतोय. माझ्याकडे कोल्हापुरात त्याच घराण्यातली जीप बरीच वर्षं आहे, घरातली दुसरी गाडी म्हणून. आधी ते इंजिनचं कौतुक बाजूला ठेवा. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. कागद बिघडलेले असले तर कुणाच्या बापाला दुरुस्त होत नाहीत.

म्हणून बघायला जाताना वायर ब्रश आणि आरसीची झेरॉक्स बरोबर घ्या. चासीवरचा नंबर माती-ग्रीसखाली गाडलेला असतो. तो घासून काढा आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. आकड्यांच्या आसपास वेल्डिंगची किंवा ग्राइंडर फिरवल्याची खूण दिसली तर चहा पिऊन परत या. इंजिन नंबरही तपासा. जुन्या पेट्रोल जीपांत मागाहून डिझेल इंजिन बसवायची पद्धत सर्रास होती आणि कितीतरी आरसींवर अजून ‘पेट्रोल’च लिहिलेलं आहे. ‘डिझेलची नोंद नंतर चढवून घेऊ’ हे ऐकून घेऊ नका. ज्याचं नाव आरसीवर आहे त्याने आधी चढवावं, मग पैसे मोजा. आणखी एक गोष्ट हमखास निघते: कुठल्याशा पतसंस्थेचा बोजा, म्हणजे जुन्या कर्जाची आरसीवरची नोंद. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवरून बोजा उतरवलेला नसतो, आणि आता ती पतसंस्थाच शोधावी लागते.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. त्यात गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर आला. शेवटचं नूतनीकरण कधी झालं ते विचारा, कारण मधली थकबाकी तुमच्याच गळ्यात पडते. कुणीतरी ‘विंटेज करून टाका’ असं सुचवेल. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे ती नोंदणी पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या गाडीलाच मिळते. नव्या नोंदणीची फी 20 हजार, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, आणि रोजच्या वापराला बंदी. तुमची 1988 ची गाडी त्यात बसतच नाही.

कागद स्वच्छ निघाले तर भावाचं बोला. बजेटच्या निम्म्यात गाडी मिळाली तरच घ्या. दीड लाख देऊन पन्नास हजारांत जीप उभी राहत नाही.

इंजिन थंड असताना बघा. आधी फोन करून गेलात आणि बॉनेट गरम लागलं तर समजायचं की मालकाने सकाळचा त्रास तुम्हाला दिसू नये म्हणून गाडी सुरू करून ठेवली होती. या प्यूजो डिझेलला हीटर प्लग असतात. ते मेलेले असले की थंडीत नुसता स्टार्टर फिरत राहतो, पण तो खर्च किरकोळ. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण काढून तोंडावर तळहात धरा. भकाभक धूर आणि दाब लागला तर इंजिन आतून झिजलंय, बोअर-पिस्टनचं काम आहे, तेवढे पैसे भावातून कापा. आमच्या उद्यमनगरात लेथवाल्यांना ही इंजिनं तोंडपाठ आहेत. तुमच्याही जिल्ह्याच्या गावी असा एखादा म्हातारा मिस्त्री सापडेल, त्याला धरून ठेवा.

पैसा हातात आला की लोक रंग, बंपर आणि टायरच्या मागे लागतात. मी म्हणेन, पहिला रुपया ब्रेकवर घाला. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पुष्कळ जुन्या जीपांना ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम गेला. घाटात हे काय असतं ते सांगायला नको. ड्रम उतरवा, व्हील सिलिंडरचे रबर मागे सरकवून बघा. आत ओल दिसली तर किट बदला, गंजाचे खड्डे दिसले तर सिलिंडरच नवा टाका. लोखंडी पाइप आणि होज सगळे नवे. ब्रेक लायनर मात्र झिजलेले किंवा तेल-ग्रीस लागलेले असतील तरच.

मग स्टिअरिंग. चाळीस-पन्नासच्या वेगात एका खड्ड्यावरून गेलं की पुढची चाकं थडथड हलायला लागतात आणि हातातलं चाक आवरत नाही, ही या जीपांची जुनी खोड. मेकॅनिक लगेच हादरे दाबणारा स्टिअरिंग डँपर विकतो. त्याने आजार झाकला जातो, बरा होत नाही. पुढची बाजू जॅकवर घ्या, चाक आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे धरून हलवा आणि दुसऱ्या माणसाला खाली वाकून बघायला सांगा: व्हील बेअरिंग हलतंय, किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) हलतोय, की टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा? किंगपिनच्या बेअरिंग कॅपखालच्या शिमा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, योग्य घातल्या की बहुतेक वेळा थडथड थांबते. मोठे टायर घातलेली गाडी असेल तर आधी ते उतरवा. दिसतात झकास, पण सगळा भार याच सांध्यांवर येतो.

बॉडीला लोहचुंबक लावून बघा, चिकटला नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे. गंज कळायला फ्लोअरखालच्या चॅनेलमध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसा. कोकणातून आलेली गाडी असेल तर दोनदा खुपसा.

पार्टची काळजी नको. मूळ अमेरिकी विलीज जीपच्या आराखड्यावर महिंद्राने दशकानुदशकं जीप काढल्या, त्यामुळे पुष्कळ पार्ट एकमेकींना चालतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, तिथे नाही तर लुधियानाहून मागवता येतात. दुकानात मॉडेलचं नाव सांगत बसण्यापेक्षा जुना पार्ट पिशवीत घालून न्या. मधल्या मालकांनी काय काय बसवलंय हे कागदावरून कळत नाही.

गाडी पूर्ण उघडून ठेवू नका. एका वेळी एक काम, आणि रविवारी चक्कर मारता येईल अशी ती चालू राहिली पाहिजे. सुटे केलेले भाग पोत्यात भरून ठेवलेल्या जीपा ओएलएक्सवर ‘प्रोजेक्ट’ म्हणून पडलेल्या असतात, त्या अशाच तयार होतात. आणि फोर बाय फोर जोडतो का ते मातीवर तपासा, डांबरी रस्त्यावर नको. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरेन्शियल मध्ये नसल्यामुळे वळताना सगळी यंत्रणा आवळली जाते आणि लिव्हर परत काढताना घाम फुटतो.