वाचकांचे प्रश्न : महिनाभर सॅक पाठीवर

प्रश्न : माझी लेक (वय 19, वजन 56 किलो) मे महिन्यात हिमालयात महिनाभराच्या कोर्सला जाते आहे. सगळं सामान पाठीवर, मुक्काम तंबूत. रोज पळते, तेवढी तयारी पुरेल का? अशा कोर्सने स्वभाव घडतो म्हणतात, तो कसा? – एक पालक, खानापूर

उत्तर : पळण्याने दम वाढतो, ओझ्याची सवय होत नाही. निघण्याआधी आठ आठवडे तिने सॅक घेऊन चालावं. पाच किलोपासून सुरुवात करून आठवड्याला दीड-दोन किलो वाढवत 14 किलोपर्यंत, म्हणजे तिच्या वजनाच्या पाव हिश्शापर्यंत यावं. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भराव्यात. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि राजहंसगड चढून झाल्यावर पाणी झाडांना घालून रिकाम्या सॅकने उतरता येतं. गुडघे दुखावतात ते बहुतेक उतरताना.

सॅक भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, शिधा-भांडी पाठीला लागून मध्यावर, रेनकोट सगळ्यात वर. जड सामान बाहेरच्या बाजूला गेलं की सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकतो आणि संध्याकाळपर्यंत कंबर धरते. आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळायचा, खांद्याचे नंतर. बहुतेक जण उलट करतात आणि मग हाताला मुंग्या येतात.

बूट याच चालण्यात मुरवावेत. टाच चुरचुरली की लगेच थांबून टेप लावायचा. ‘पुढच्या मुक्कामावर बघू’ म्हणणाऱ्याला फोड येतोच.

आता स्वभावाचं. तो शिखरावर घडत नाही. 1965 साली पॉल पेटझोल्ट यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या नोल्स या, रानावनात मुक्काम करून नेतृत्व शिकवणाऱ्या संस्थेच्या कोर्समध्ये रोज वेगळा विद्यार्थी त्या दिवसाचा लीडर असतो. वाट ठरवणं, मागे पडणाऱ्याचा वेग धरणं, थांबे घेणं त्याच्याकडे. मग त्याचे निर्णय सगळ्यांसमोर तपासले जातात. थकून आल्यावर भात करपला, स्टोव्ह विझला, तंबूतल्या जोडीदारणीशी बिनसलं, तरी काम टळत नाही. याची तालीम घरीच होते : पहाटे उठून चौघांचा स्वयंपाक आणि भांडी तिच्याकडे सोपवा. आईने हात लावायचा नाही, हे आईला जास्त जड जाईल.

प्रश्न : निसर्ग ओळखायला कुठून सुरुवात करावी? – एक विद्यार्थी, जांबोटी

उत्तर : दारातूनच. आठवड्यातून एकदा, त्याच जागी, वीस मिनिटं बसा आणि वहीत लिहा. तुमच्याकडे मगरीच्या पाठीसारखी साल म्हणजे ऐन, गुळगुळीत फिकट खोड म्हणजे नाणा. या दोघांपासून पुढची झाडं वेगळी काढत जा. नाव न कळल्यास साल, पान, फळ रेखाटून ठेवा. मोबाईलचा फोटो पुन्हा कोणी उघडत नाही. भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. पावसाळ्यात जळवा असतात, पँट मोज्यात खोचा.