रिक्वायरमेंट कोणत्या फंक्शनमध्ये उतरली हे दाखवायला डॉक्सिजन पुरेल का?

रुग्णाला औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाच्या सी भाषेतील फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या, रिक्वायरमेंट्स (त्याने काय करायला हवे याच्या लेखी अपेक्षा) एक्सेलमध्ये आहेत, कोडचे डॉक्युमेंटेशन कोडमधील कॉमेंट वाचणाऱ्या डॉक्सिजन या साधनातून निघते आणि या दोहोंचा संबंध ऑडिटरला दाखवायचा आहे. त्यासाठी महागडे साधन घ्यावे की डॉक्सिजनवर भागवावे, असे आपण विचारले आहे. मी अशाच नियमनाखालील एम्बेडेड प्रकल्पांत काम करतो. आपल्या आकाराच्या प्रकल्पाला डॉक्सिजन पुरते असे माझे मत आहे, मात्र ते जे तपासत नाही ते तपासण्याची सोय आपल्याला स्वतः करावी लागेल.

त्याआधी मागणी नेमकी किती आहे ते पाहावे. वैद्यकीय सॉफ्टवेअरचे आयईसी ६२३०४ हे मानक सिस्टीम रिक्वायरमेंट, सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट, सॉफ्टवेअर सिस्टीम टेस्ट आणि सॉफ्टवेअरमध्ये राबवलेले जोखीम-नियंत्रणाचे उपाय यांच्यातील ट्रेसेबिलिटी, म्हणजे एकापासून दुसऱ्यापर्यंत लागणारा माग, मागते. विमानातील सॉफ्टवेअरसाठीचे डीओ-१७८सी मात्र ए, बी आणि सी या पातळ्यांवर सोर्स कोडचा माग थेट लो-लेव्हल रिक्वायरमेंटपर्यंत (जिच्यावरून थेट कोड लिहिता येतो अशा तपशीलवार रिक्वायरमेंटपर्यंत) लागावा अशी अपेक्षा ठेवते. म्हणजे आपल्याकडे प्रत्येक लहानसहान फंक्शनवर रिक्वायरमेंटची खूण असणे ही मानकाची सक्ती नसून तो आपल्याच कार्यपद्धतीतला निर्णय असू शकतो. तो कंपनीच्या प्रक्रियेत कसा लिहिला आहे ते वाचून घ्यावे, कारण ऑडिटर आपल्याला आपल्याच लिखित प्रक्रियेवर धरतो.

आता प्रत्यक्ष काम. डॉक्सिजनमध्ये एक्सरेफआयटेम नावाची आज्ञा आहे. टूडू आणि बग या आज्ञा वापरल्या की त्यांची वेगळी यादी आपोआप तयार होते, तशीच यादी आपल्या स्वतःच्या नावाने तयार करण्याची ही सोय आहे. डॉक्सीफाइल या डॉक्सिजनच्या सेटिंग्जच्या फाइलमधील एलियासेस (स्वतःच्या आज्ञा ठरवण्याची जागा) या सेटिंगमध्ये तिच्यावर एक छोटी आज्ञा बेतावी आणि फंक्शनच्या वरच्या कॉमेंटमध्ये त्या आज्ञेपुढे रिक्वायरमेंटचा आयडी लिहावा. अलीकडच्या आवृत्त्यांत याच कामासाठी रिक्वायरमेंट, सॅटिस्फाइज आणि व्हेरिफाइज अशा तयार आज्ञा आल्या आहेत, त्यामुळे आवृत्ती बदलण्याची मुभा असेल तर त्याच वापराव्यात. वैद्यकीय प्रकल्पांत साधनांची आवृत्ती बहुधा गोठवलेली असते, म्हणून जुनी वाटही सांगितली.

या जुन्या वाटेवर एक उणीव आहे. एक्सरेफआयटेमला दिलेला आयडी तिच्या दृष्टीने निव्वळ मजकूर असतो. कोणी ११२ ऐवजी १२१ लिहिले तर डॉक्सिजन काहीही न बोलता तीच नोंद यादीत घालते. म्हणून एक्सेलमधून एका स्क्रिप्टने रिक्वायरमेंट्सचे पान तयार करावे, त्यात प्रत्येक आयडीला अँकर (दुवा जिथे पोहोचतो ती नाव दिलेली जागा) द्यावा आणि एलियासच्या आत त्या अँकरकडे दुवा देणारी रेफ ही आज्ञा लावावी. मग अस्तित्वात नसलेल्या आयडीवर वॉर्निंग येते आणि वॉर्निंगलाच चूक मानणारे वॉर्न-ॲज-एरर हे सेटिंग चालू असेल तर बिल्ड तिथेच थांबते. अर्थात १२१ हा आयडीही खरा असेल, तर ही चूक फक्त कोड रिव्ह्यूमध्ये सापडू शकते.

उलट दिशेची उणीव याहून गंभीर आहे: ज्या रिक्वायरमेंटला कोणत्याही फंक्शनने हात लावलेला नाही ती या यादीत दिसतच नाही, आणि ऑडिटरला रस असतो तो नेमका तिच्यातच. यासाठी डॉक्सिजनचे एक्सएमएल आउटपुट चालू करून त्यातील आयडी आणि एक्सेलमधील आयडी यांची तुलना करणारी स्क्रिप्ट लिहावी. काम फार नाही. मात्र ती स्क्रिप्टही व्हर्जन कंट्रोलमध्ये असावी आणि तिच्या पडताळणीची नोंद ठेवावी.

सी भाषेत आणखी तीन ठिकाणी खुणा गुपचूप गळतात. ज्या फाइलमध्ये फाइल ही आज्ञा नाही, तिच्यातील ग्लोबल फंक्शन्सचे डॉक्युमेंटेशन निघत नाही. स्टॅटिक, म्हणजे फक्त आपल्याच फाइलपुरती असलेली, फंक्शन्स एक्स्ट्रॅक्ट-स्टॅटिक हे सेटिंग चालू केल्याशिवाय येत नाहीत, आणि फर्मवेअरमधील अर्धेअधिक तर्कशास्त्र तर तिथेच दडलेले असते. तिसरी जागा कंडिशनल कंपायलेशनची, म्हणजे मॅक्रो या नावाच्या खुणेनुसार कोडचा भाग घेण्याची किंवा वगळण्याची: पंपाच्या दोन मॉडेल्ससाठी एकच कोड असेल, तर प्रीडिफाइन्ड या सेटिंगमध्ये न दिलेल्या मॅक्रोखालचा भाग डॉक्सिजनला दिसत नाही, म्हणून प्रत्येक मॉडेलसाठी स्वतंत्र डॉक्सीफाइल ठेवणे बरे.

माग एकाच दिशेने हाताने लिहावा, कोडकडून रिक्वायरमेंटकडे, आणि उलटा तक्ता नेहमी यंत्राकडून काढावा. दोन्हीकडे हाताने लिहिले की दोहोंत फरक पडायला वेळ लागत नाही.

एक प्रश्न मात्र डॉक्सिजन सोडवत नाही. रिक्वायरमेंटचा मजकूर बदलला आणि आयडी तोच राहिला, तर जुना दुवा पूर्वीसारखाच वैध दिसतो. ओपनफास्टट्रेस या मुक्त साधनात आयडीलाच आवृत्तीचा अंक जोडलेला असतो. तो वाढवला की जुन्या अंकाकडे बोट दाखवणारा कोड कालबाह्य ठरतो. हीच पद्धत आपल्या आयडींतही उचलता येते, पण अंक शुद्धलेखनाच्या दुरुस्तीसाठी वाढवायचा नाही, अर्थ बदलला तरच वाढवायचा, हे आधी ठरवून घ्यावे. आपल्या रिक्वायरमेंट्स दर आठवड्याला बदलत असतील आणि त्या तीन-चार टीममध्ये वाटलेल्या असतील, तर मात्र मी डॉक्सिजनचा आग्रह धरणार नाही.