पिपेट खाली ठेवताना : वाचकांचे प्रश्न

एमएस्सी बायोटेक करून चार वर्षं संशोधनात आहे. रुग्णांच्या जवळ जाणारं काम हवंय. पुन्हा पदवी घ्यावी लागेल का?

लगेच नको. क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर हे पद तुम्हाला सर्वांत जवळचं. औषधाच्या चाचणीत वैद्यकीय निर्णय डॉक्टरांचे. रुग्णाच्या भेटी, नमुने, नोंदी आणि एथिक्स कमिटीचा (चाचणीला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीचा) पत्रव्यवहार कोऑर्डिनेटरकडे. जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे चाचण्या नीट घेण्याचे नियम) प्रशिक्षण ऑनलाइन, काही तासांत होतं. ते करा आणि 2019 चे ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स’ मुळातून वाचा. महागड्या डिप्लोम्याचा विचार त्यानंतर.

संशोधनातून आलेले लोक या कामात कुठे चुकतात?

दोन ठिकाणी हमखास. पहिलं संमतीपत्र. रुग्ण उपाशीपोटी आलाय म्हणून आधी रक्त घेतलं आणि सही नंतर, हा नियमभंग ठरतो. चाचणीसाठीची कुठलीही तपासणी सहीनंतरच. तारीख रुग्णाने स्वतःच्या हाताने घालायची. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार हवा, म्हणजे चाचणीच्या चमूतला कुणी चालत नाही. सुधारित मराठी आवृत्ती मंजूर झाली की ड्रॉवरमधले जुने फॉर्म त्याच दिवशी बाजूला काढा. ते पडून राहतात आणि गर्दीच्या ओपीडीत नेमके तेच हाती लागतात.

दुसरी चूक सवयीची. संशोधकाला पुरता डेटा हाती आल्याशिवाय बोलायचं नसतं. इथे ते महागात पडतं. चाचणीतला रुग्ण स्कूटरवरून पडून अ‍ॅडमिट झाला, तरी ती गंभीर प्रतिकूल घटनाच. औषधाशी संबंध आहे का, हा प्रश्न नंतरचा. पहिली खबर 24 तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक (चाचणी करवणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला गेली पाहिजे. सविस्तर अहवालाला 14 दिवस मिळतात. नोंदीत खाडाखोड झाली तर एक आडवी रेघ, सही, तारीख. व्हाइटनर टेबलावर ठेवूच नका.

पाच वर्षं पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याचं तंत्र) केलंय. रुग्णालयाच्या लॅबमध्ये गुणवत्तेचं काम जमेल?

जमेल, पण मशीनपेक्षा नमुना मशीनपर्यंत कसा पोचतो याकडे बघा. बहुतेक चुका तिथेच होतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ओतलं, तर जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे पोटॅशियम खोटंच वाढतं, कॅल्शियम घटतं. रक्त गोठण्याच्या तपासणीसाठीच्या निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त आणि सायट्रेट यांचं प्रमाण 9 : 1 लागतं, म्हणजे 0.3 मिलि सायट्रेटला 2.7 मिलि रक्त. ट्यूब अर्धीच भरली तर रक्त गोठायला जास्त वेळ लागतोय असं दिसतं, आणि वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्या रुग्णाचा डोस विनाकारण कमी होऊ शकतो. वॉर्डातल्या सिस्टरांना हे समजावणं तुमचं अर्धं काम. त्यासाठी आयएसओ 15189 हे वैद्यकीय प्रयोगशाळांच्या गुणवत्तेचं मानक वाचा. आणि महिनाभर रक्त घेण्याच्या टेबलाशेजारी उभे राहा. मानक तिथेच कळतं.

जेनेटिक काउन्सेलर व्हायचं असेल तर?

आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना सल्ला देण्याचं हे काम. त्यासाठी मात्र वेगळं शिक्षण घ्याच. जनुकं कळणं पुरत नाही, तीन पिढ्यांची वंशावळ काढता यावी लागते. कुणाला कोणता आजार, कितव्या वर्षी, कोणती मुलं दगावली, गर्भपात किती. ‘नात्यात लग्न झालंय का?’ एवढं विचारून थांबू नका. ‘मामाची मुलगी केलीय का?’ असं सरळ विचारा.