उडत्या पक्ष्यांचे फोटो दाखवले की सगळे ‘कडक’ म्हणतात. खरं मत कसं मिळवायचं, आणि दुसऱ्याला कसं द्यायचं?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर हर्णे बंदरावर घारी आणि कुरव (सीगल) टिपताय, घरचे ‘कडक’ म्हणतात, आणि एका जाणत्याने ‘सॉफ्ट आहे (म्हणजे धूसर), उडवून टाक’ म्हटल्यावर दोन आठवडे कॅमेऱ्याला हात लावला नाहीत. मला विचाराल तर दोघांनीही तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. एकाने बरं वाटलं, दुसऱ्याने वाईट वाटलं. उद्या बंदरावर जाऊन वेगळं काय करायचं, ते दोघांकडूनही कळलं नाही.

मी दापोलीचा. इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि दहा-अकरा वर्षं हा नाद. आजवर मला मिळालेलं सगळ्यात कामाचं मत पाजपंढरीच्या एका तांडेलाचं, म्हणजे मासेमारी बोटीच्या म्होरक्याचं. संध्याकाळच्या लिलावाची गडबड, वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालतायत. तो जाळं सांधत बसलेला. मी कौतुकाच्या आशेने कॅमेऱ्याच्या पडद्यावर चाळीसेक फोटो दाखवले. त्याने अंगठ्याने बटण दाबत सगळे पाहिले (त्या बटणाला पुढे चार दिवस बोंबलाचा वास येत होता) आणि म्हणाला, “सगळ्यांची ढुंगणंच काढलीस की रे!”

मी लगेच सुरू झालो. समोरून ऊन होतं, गर्दी होती, लेन्स छोटी आहे. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग सांजचा कशाला येतोस? सकाळी ये, मतलयवर.”

अर्थ घरी गेल्यावर कळला. पक्षी उतरताना आणि उडी घेताना वाऱ्याला तोंड देतो. दुपारनंतर आपल्याकडे खारा वारा समुद्रावरून येतो, म्हणजे पक्ष्याचं तोंड समुद्राकडे आणि किनाऱ्यावर उभ्या माझ्याकडे शेपूट. त्यात सूर्यही समोर समुद्रात बुडणारा, म्हणजे जे दिसतं ते काळं. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. तेव्हा पक्षी आपल्याकडे तोंड करून उतरतो, आणि ऊन आपल्या पाठीमागून, डोंगराच्या अंगाने, थेट त्याच्या डोळ्यात. त्या डिसेंबरात तीच लेन्स, तेच बंदर, फक्त वेळ बदलली. पहिल्यांदा घारीच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका आला.

तांडेलाला शटरस्पीड, म्हणजे कॅमेरा किती क्षणात फोटो टिपतो ते, माहीत नव्हतं. त्याने काय दिसतंय ते सांगितलं आणि केव्हा ये ते सांगितलं. का, ते मी शोधलं. माझं तोंड आणखी पाच मिनिटं चालू राहिलं असतं तर तो परत जाळ्याकडे वळला असता आणि मी अजूनही शेपट्या काढत बसलो असतो. म्हणून मत घेताना एक पाळतो: फोटो कसा काढला, किती चिखल तुडवला, हे समोरचा विचारेपर्यंत सांगायचं नाही. त्याला फोटोत ते दिसत नसतं. दुसरं, ‘कसा वाटला?’ असं विचारत नाही. त्यावर माणूस ‘छान’च म्हणणार, आपल्याकडे जेवायला बोलावल्यावर आमटी कशी झालीय विचारतात तसं. ‘या दोघांतला एकच ठेवायचा तर कुठला, आणि दुसरा का नको?’ असं विचारलं की माणूस खरं बोलतो.

आता ते ‘सॉफ्ट’. हा शब्द म्हणजे डॉक्टरने ‘तब्येत बरी नाही’ म्हणण्यासारखा. कशाने सॉफ्ट? मागच्या लाटा लख्ख आणि पक्षी धूसर असेल तर फोकस पक्ष्यावर बसलाच नाही. चोच-डोळा ठीक आणि पंखांची टोकं पुसली असतील तर शटर कमी पडलं, आणि कधी कधी तेही चालतं, पंख हलतायत ते कळतं. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं असेल तर हात हलला. आणि सगळ्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या थरथरत असतील तर तुमचा काहीच दोष नाही. तापलेल्या वाळूवरून वर जाणारी हवा आहे ती. अकरानंतर लांबचा पक्षी वाळूवरून टिपायचा तर कितीही महाग लेन्स असली तरी हेच मिळणार. आणखी एक, जे कुणी कबूल करत नाही: क्रॉप, म्हणजे फोटोची कापाकापी. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ६००० गुणिले ४००० ठिपके असतात. त्यातून १२०० गुणिले ८०० चा तुकडा कापला की मूळ फोटोचा पंचविसावा हिस्सा हातात उरतो. तो पडद्याभर ताणला तर सॉफ्टच दिसणार. अशा वेळी ‘जवळ जा’ किंवा ‘पक्षी जवळ येईपर्यंत बसून राहा’ एवढंच खरं मत. मी दुसरं सुचवतो, कारण पहिल्याने पक्षी उडून जातो.

मत देताना माझं नाक एकदा चांगलंच कापलं गेलंय. जूनमधला पाऊस, दोन दिवस वादळी वारा. ओळखीतल्या कॉलेजच्या एका मुलीने आंजर्ल्याहून फोटो दाखवला: राखाडी आभाळ, राखाडी पाणी, त्यात एक काळपट पक्षी, सगळीकडे रवाळ दाणे. मी ऐटीत म्हटलं, “आयएसओ (कमी उजेडात कॅमेऱ्याची वाढवलेली संवेदनशीलता) फार चढलाय, पक्षी लहान आहे, यात ठेवण्यासारखं काही नाही.” तिने निमूटपणे काढून टाकला. आठवड्याने तिने वहीत केलेलं चित्र एका पक्षीवाल्या सरांनी पाहिलं. लांबलचक कोनात मोडलेले पंख, मागे सुईसारखी मिटलेली शेपटी. फ्रिगेट! खोल समुद्रावरचा पक्षी, पावसाळी वाऱ्यात भरकटून कधीतरी किनाऱ्यावर दिसतो. सरांनी फोटो मागितला. फोटो नव्हता.

ती मला काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून आधी विचारतो, की हा भिंतीवर लावायचा आहे का नोंद म्हणून ठेवायचा आहे? नोंदीच्या फोटोत दाणे असोत, आडवातिडवा असो, पंखांची टोकं आणि शेपटी दिसली की पुष्कळ. उदाहरणार्थ तपकिरी डोक्याचा कुरव. हिवाळ्यात आपल्याकडे येतो तेव्हा त्याचं डोकं तपकिरी नसतंच, पांढरं असतं, कानापाशी एक काळसर डाग. ओळख पटते ती पंखाच्या काळ्या टोकावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून. दिसायला नीटस व्हावं म्हणून टोकं कापून क्रॉप केला की ओळखही गेली.

एका बाबतीत मात्र मी गोड बोलत नाही. वाळूवर बसलेला कुरवांचा थवा, कुणीतरी पोराला पळवून उठवलेला, आणि मग ‘वाहवा’ असा फोटो. तो ओळखू येतो: सगळे पक्षी कॅमेऱ्यापासून लांब जाणारे, आणि कोपऱ्यात कधी कधी पोराचा पायही. यातले कुरव लडाख आणि मध्य आशियाकडून इथवर आलेले असतात, विसावा घ्यायला. तिथे मी प्रकाश, फोकस काही बोलत नाही, सरळ सांगतो की हे करू नका. समुद्री गरुडाच्या घरट्याजवळ जाऊन काढलेल्या फोटोचंही तेच. रागावतात लोक. रागावू देत.

आता तुम्ही पाठवलेला फोटो. घार बोटीवरून मासा उचलून निघालीय आणि उडता उडताच मान वाकवून पायातला मासा टोचतेय. हा क्षण सोन्यासारखा आहे, उडवू नका. अडचणी तीन. पंख अगदी आडवे आले आहेत, त्यामुळे काठीसारखे दिसतात. तुम्ही बर्स्ट (एका दमात अनेक फोटो) मारला असणार, मागचीपुढची फ्रेम बघा, जिथे पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली आहेत. दुसरं, पांढरं डोकं जळालंय, म्हणजे उजेड जास्त होऊन नुसतं पांढरं झालंय. कॅमेऱ्याने घारीचा विटकरी रंग आणि काळी बोट पाहून उजेड वाढवला. पुढच्या वेळी एक्स्पोजर (फोटोतला उजेड) दोन-तृतीयांश स्टॉप खाली घ्या; स्टॉप हे उजेडाचं माप. तिसरं शटर. तुम्ही १/६४० सेकंद लिहिलंय. ताशी ३६ किलोमीटरने जाणारा पक्षी तेवढ्या वेळात दीड सेंटिमीटर सरकतो, १/२५०० ला चारच मिलिमीटर. डोलकाठी घारीच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते, पण ते लिलावाच्या गर्दीत टळत नाही. सकाळी थोडं बाजूला, किल्ल्याच्या दिशेने मोकळं पाणी मागे येईल असं उभं राहून पाहा.

आणि आता माझा एक घ्या. फेब्रुवारीतली सकाळ, समुद्री गरुड, आमच्याकडे याला काकण म्हणतात. पायात समुद्रसाप, डोळा स्वच्छ, पोटावर छान ऊन. पण डाव्या पंखाचं टोक फ्रेमबाहेर गेलंय, बोटभर. याच बर्स्टमधल्या पुढच्या फ्रेममध्ये दोन्ही पंख पूर्ण आहेत, मात्र त्यात त्याने मान फिरवलीय आणि साप शरीराआड गेलाय. दोन वर्षं ठरत नाहीये. तुम्ही कुठला ठेवाल, आणि दुसरा का नको?