हौशी ऑटोक्रॉससाठी स्वस्त आणि टिकाऊ स्पर्धेचे टायर कसे निवडावेत?

तुम्ही लिहिलंय की दोन मोसम रोजच्या टायरवर ऑटोक्रॉस (मैदानात शंकू मांडून आखलेल्या वाटेवर एकेका गाडीने वेळ लावून धावायची स्पर्धा) केलं, आता स्पर्धेचे टायर घ्यायचेत, पण दरवर्षी नवा सेट परवडणार नाही. मीही याच कोड्यात अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टायरची नावं बघण्याआधी एक हिशोब मांडा. ऑटोक्रॉसची एक फेरी साधारण मिनिटभराची. दिवसाला पाच फेऱ्या आणि वर्षाला आठ स्पर्धा धरल्या तर 40 फेऱ्या होतात. म्हणजे अख्ख्या वर्षात टायरला जीव तोडून काम करावं लागतं ते जेमतेम 40 मिनिटं. गाडी हलकी असेल आणि अलाइनमेंट नीट असेल तर एवढ्यात नक्षी सहसा संपत नाही. त्याआधी रबराचा मऊपणा जातो. टायर तापतो, थंड होतो, पुन्हा तापतो आणि दर खेपेला रबर थोडं थोडं कडक होत जातं. म्हणून वर्षाला सात-आठ स्पर्धा करणाऱ्याने 'भरपूर किलोमीटर चालेल' असा टायर शोधण्यात फारसा अर्थ नाही. दोन मोसम मऊ राहील असा टायर शोधायला हवा. वर्षाला वीस स्पर्धा करत असाल, किंवा एकाच गाडीवर दोघं चालवत असाल, तर मात्र झीज खरोखर महत्त्वाची ठरते.

मला हे नुकसान सोसून कळलं. एका विक्रेत्याकडून वापरलेले स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत स्पर्धेचे टायर, घेतले होते. झीज मोजायच्या भोकांची खोली जवळजवळ नव्यासारखी, भावही उत्तम. पहिल्याच वळणावर गाडी सरळ बाहेर गेली. नंतर अंगठ्याचं नख रबरात रोवून बघितलं तर खूणही उमटेना. साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूवरचे, चार आकडे तेव्हा वाचले, जे घेण्याआधीच वाचायला हवे होते. पहिले दोन आकडे टायर बनला त्या आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. जुना सेट घ्यायचाच असेल तर हे आकडे बघा, आणि कुणाकडे रबराचा कडकपणा मोजायचा ड्युरोमीटर असेल तर तो लावून बघा. विक्रेत्याला 'किती दिवस स्पर्धेत वापरले' हे विचारा. 'किती किलोमीटर झाले' यावरून काहीच कळत नाही.

आता ट्रेडवेअरच्या, म्हणजे नक्षी किती टिकेल ते सांगणाऱ्या टायरवरच्या आकड्याबद्दल, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. अमेरिकेतल्या एससीसीए या संघटनेच्या स्ट्रीट वर्गात टायरचं ट्रेडवेअर किमान 200 लागतं आणि इतरही पुष्कळ हौशी स्पर्धांत हाच आकडा धरतात. तुमच्या आयोजकांची नियमावली मात्र आधी वाचा, नाहीतर घेतलेला सेट तुम्हाला भलत्याच वर्गात नेऊन बसवेल. हा आकडा ठरतो तो टेक्सासमधल्या सार्वजनिक रस्त्यांवर सुमारे 11,600 किलोमीटर चालवून केलेल्या चाचणीवरून. तुलनेसाठी एक ठरावीक टायर असतो, त्याला 100 धरतात. चाचणीनंतर आकडा जाहीर करतो तो टायरचा उत्पादकच. त्या चाचणीत शंकूंमधून आडवं घासत जाणं कुठेच नाही. त्यामुळे दोन टायरांवर 200 छापलेलं असलं तरी एक दुसऱ्याच्या दुप्पट टिकू शकतो.

योकोहामा अॅडव्हान ए052 वर 200 लिहिलेलं असतं. पहिल्या फेरीपासून त्याची पकड थक्क करते, पण तो लवकर तापतो आणि लवकर झिजतो. दोन चालक असले की फेऱ्यांच्या मधे त्यावर पाणी फवारत बसावं लागतं. ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-71आरएस हाही त्याच वेगवान रांगेतला. दुसऱ्या टोकाला हँकूक व्हेंटस आर-एस4: तापायला वेळ घेतो, सेकंदांत मागे पडतो, पण तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींतले लोक त्याच्या टिकाऊपणासाठी तो घेतात. फाल्कन अझेनिस आरटी660 आणि कुम्हो एक्स्टा व्ही730 हे या दोन टोकांच्या मधले. तुमच्यासारख्याला मी मधल्या दोघांतला जो साइजमध्ये मिळेल तो घ्या म्हणेन. आर-एस4 ऑटोक्रॉसला मला पटत नाही, कारण मिनिटाच्या फेरीत तो नीट तापेपर्यंत शेवटचा शंकू येतो. हूसियर ए7 सारखे रेसिंग टायर सध्या विसरा. त्यांची पकड वेगळ्याच पातळीवरची आहे, पण रबर चटकन दगा देतं, आणि तुमचं सस्पेन्शन साधंच असेल तर त्या पकडीचा पुरता फायदाही मिळत नाही.

घेतलेला टायर टिकवण्यावर मला जास्त बोलायचंय, कारण पैसे तिथे वाचतात. स्पर्धेच्या दिवसानंतर पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवरून हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टायर खांद्यावर लोळतोय. मधली नक्षी शाबूत आणि बाहेरची कडा भुईसपाट, असे कितीतरी सेट मी फेकलेले बघितलेत. कारणं बहुधा दोनच: नकारात्मक कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आतल्या बाजूला झुकलेला असणं) कमी किंवा हवा कमी. कॅम्बर नियमात बसेल तेवढा वाढवून घ्या. हवेसाठी खडू पुरेसा आहे. नक्षीच्या कडेपासून साइडवॉलवर खाली खडूची रेघ ओढा, फेरी मारा आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते बघा. पुष्कळ टायरांवर खांद्याजवळ छोटा त्रिकोण असतो. त्याच्या टोकापर्यंत पुसली तर हवा बरोबर, त्याखाली गेली तर एक-दोन पीएसआय वाढवा. टायर तापला की हवेचा दाब चढतो, म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांनंतर पुन्हा मोजा. आणि दर दोन स्पर्धांनंतर पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल करा, विशेषतः इंजिनाची ताकद पुढच्या चाकांवर जात असेल तर.

शक्य असेल तर या टायरांसाठी रिमचा वेगळा सेट ठेवा. रोजच्या रस्त्यावर ते चालवले की उष्णतेचे फेरे उगाच वाढतात, आणि अर्धी नक्षी गेलेला टायर पावसात धोकादायक असतो. कोरड्या मैदानावर मात्र तोच अर्धा झिजलेला टायर नव्यापेक्षा वेगवान निघतो, कारण उंच नक्षी वळणात लवते आणि बुटकी तेवढी लवत नाही. तेव्हा नक्षी अर्धी झाली म्हणून घाबरून टायर बदलू नका. मोसम संपला की टायर धुवा, काळ्या पिशवीत घट्ट बांधा, आणि ऊन, कडाक्याची थंडी आणि विजेच्या मोटारींपासून लांब ठेवा. मोटारींमधून निघणारा ओझोन रबराला चिरा पाडतो.

गाडी कुठली आहे, ताकद पुढच्या चाकांवर जाते की मागच्या, रिम किती रुंद आहे आणि चालवणारे तुम्ही एकटेच की दोघं, हे कळवलंत तर साइज आणि सुरुवातीची हवा दोन्ही सांगेन.