वाचक विचारतात : डिजिटल गोष्ट आणि इंग्रजीचा तास

प्रश्न : इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांकडून डिजिटल गोष्टी करून घेते आहे. तीन आठवडे झाले. मुलं फोटो शोधण्यात आणि सरकती अक्षरं लावण्यात रमली आहेत, इंग्रजी मात्र जेमतेम चार वाक्यं. कुठे चुकतंय?

उत्तर : क्रम उलटा झालाय. डिजिटल गोष्ट म्हणजे स्वतःच्या आवाजातलं निवेदन आणि त्यामागून येणारी चित्रं. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट आणि डाना ॲचली यांनी कार्यशाळांतून ही पद्धत रुजवली, तेव्हापासून तिचा कणा निवेदन हाच आहे. संगणक शेवटच्या तासापर्यंत उघडूच नका.

पहिल्या तासाला फक्त सांगणं. जोडीदाराला दोन मिनिटांत गोष्ट सांगायची, कागद न घेता. जोडीदाराने तीन प्रश्न विचारायचे. त्या उत्तरांतच बहुतेक वेळा खरी गोष्ट असते. मग लेखन. शिकणारी मुलं मिनिटाला साधारण १०० शब्द बोलतात असं धरा, म्हणजे दीड मिनिटाला १५० शब्द. अगदी नवख्यांना ८० पुरेत. तिसऱ्या तासाला कागदावर दोन रकाने : डावीकडे वाक्य, उजवीकडे चित्राचं रेखाटन. एक चित्र पाच ते आठ सेकंद टिकतं, तेव्हा दीड मिनिटाला १२-१५ चित्रं होतात. त्याहून जास्त जमवली की निवेदन चित्रांच्या मागे धावू लागतं. त्यानंतर ध्वनिमुद्रण आणि सगळ्यात शेवटी संगणकावर आवाज व चित्रांची जोडणी.

प्रश्न : संहितेतल्या चुका किती दुरुस्त कराव्यात? सगळ्या केल्या तर मुलं वाचताना अडखळतात.

उत्तर : अडखळणारच, कारण ती आता तुमची वाक्यं झाली. जे वाक्य मुलाला सहज बोलता येत नाही ते संहितेत नको, मग व्याकरण कितीही निर्दोष असो. पहिल्या फेरीत फक्त अर्थ बघा : काय कळलं नाही, कुठे आणखी हवं. दुसऱ्या फेरीत एकच मुद्दा धरा. गोष्टीत तो बहुधा भूतकाळ असतो. चूक खाली रेघ मारून दाखवा. दुरुस्ती मुलालाच करू द्या.

भूतकाळाचा उच्चारही इथेच घ्यायचा. ‘वॉक’च्या भूतकाळी रूपाचा शेवट ‘ट’सारखा, ‘प्ले’च्या रूपाचा ‘ड’सारखा, ‘वॉन्ट’च्या रूपाचा ‘इड’सारखा. मूळ क्रियापद ट किंवा ड या ध्वनीवर संपत असेल तेव्हाच हा जादा ‘इड’ येतो. मुलं तो सगळीकडे लावतात, कारण लिहिताना सगळीकडे शेवटी ‘ई-डी’ हीच अक्षरं दिसतात. संहितेत थांबण्याच्या जागी तिरकी रेघ आणि जोर द्यायच्या शब्दाखाली रेघ मारली की वाचन बरंचसं बोलण्यासारखं होतं.

प्रश्न : लाजाळू मुलांना संगणकाचा तयार आवाज वापरू द्यावा का?

उत्तर : नमुना म्हणून ऐकायला, हो. अंतिम गोष्टीत नको. नाहीतर बोलण्याचा सराव संगणकाचा झाला. लाजणाऱ्या मुलाला एकट्याने, वाक्यावाक्याने मुद्रण करू द्या. हवी तेवढी आवर्तनं घेता येतात, आणि या आवर्तनांतच तर शिकणं आहे.

प्रश्न : मोबाइलवर आवाज घुमतो, मध्येच फुटतो. वेगळा माइक घ्यावा लागेल का?

उत्तर : आधी खोली बदला. उघड्या भिंती आणि फरशी आवाज परतवतात. पडदे, कपडे, गाद्या असलेल्या जागी घुमणं कमी होतं. फोन तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर, थोडा बाजूला धरा. समोर धरला की ‘प’, ‘ब’ उच्चारताना हवेचा झोत माइकवर आदळून ‘फट्’ असं येतं. चूक झाली तर मुद्रण थांबवायचं नाही. तीन सेकंद गप्प राहून तेच वाक्य सुरुवातीपासून म्हणायचं. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रामात ती शांतता सपाट रेघेसारखी दिसते आणि कापणं सोपं जातं. संगीत बिनशब्दांचं, आणि तुम्हाला वाटतं त्याहून हळू ठेवा. ऐकणारेही इंग्रजी शिकणारेच आहेत.

प्रश्न : क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत बिनधास्त वापरता येतं ना?

उत्तर : बिनधास्त नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे कर्त्याने सगळ्यांना आधीच दिलेला, पण अटींसह असलेला वापराचा परवाना. कर्त्याचं नाव देणं जवळपास नेहमीच बंधनकारक असतं. ‘नो डेरिव्हेटिव्हज’ (रूपांतर नको) अट असलेलं संगीत तर टाळाच. चालत्या चित्राशी जुळवून लावलेलं संगीत या परवान्यांत रूपांतर मानलं जातं, आणि रूपांतर प्रसारित करायला ही अट मनाई करते. चित्रांसाठी मुलांनी स्वतः काढलेली रेखाटनं उत्तम. परवान्याची कटकटही नाही आणि चेहरेही उघड होत नाहीत.

जाता जाता : चित्रं, आवाज, संगीत आणि प्रकल्पाची फाइल (जोडणीचं अर्धवट काम साठवणारी) एकाच फोल्डरमध्ये ठेवायला सांगा. व्हिडिओ जोडण्याचे बरेच प्रोग्राम मूळ फायली आत साठवत नाहीत, फक्त त्यांची जागा लक्षात ठेवतात. मुलाने फोल्डर हलवला की दुसऱ्या दिवशी चित्रांच्या जागी काळे चौकोन दिसतात. आणि मित्रांना पाठवायची ती प्रकल्पाची फाइल नव्हे, तयार व्हिडिओ.