खाण नाही, तर लोखंड कुठलं?

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला आले आहे. रविवारी त्याने अलेअर व्हिलेज दाखवलं. दोनशे वर्षांपूर्वी इथे लोखंड गाळायचे, आता सगळं गावच उद्यान केलंय. जुन्या वेशातला लोहार समोर काम करून दाखवतो. पण आसपास ना डोंगर, ना खाण. मग लोखंड आणलं कुठून?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, कोल्हापूरला ओतकामात ३१ वर्षं काढलेल्या माणसाला याहून आवडता प्रश्न कोणता असणार! लेकीकडे गेलो होतो तेव्हा मलाही तिथे हेच कोडं पडलं होतं.

खनिज दलदलीतच होतं. कुजक्या पाचोळ्यातून झिरपणारं आंबट पाणी वाळूतलं लोह विरघळवून घेतं. वर आल्यावर हवा लागली की ते गंज होऊन खाली बसतं. त्यात जीवाणूंचाही हात असतो. थरावर थर साचून ढेकळं होतात. तीच उकरून भट्टीत घालायची. कोळसा भोवतालच्या जंगलातला, हवेच्या झोताला पाणचक्की. समुद्र जवळ, म्हणून चुनखडीऐवजी शिंपले. त्यातला चुना खनिजातली वाळूमाती धरून ठेवतो आणि मळी वर तरंगते. जवळ असेल त्यात भागवायची ही अक्कल मला फार मोठी वाटते.

जेम्स अलेअर न्यूयॉर्कला वाफेची इंजिनं बनवायचे. बीड, म्हणजे ओतकामाचं लोखंड, हवं म्हणून त्यांनी १८२२ मध्ये ही भट्टी घेतली. भरात असताना तिथे चारेकशे माणसं राबत. बिडाची भांडी, शेगड्याही ओतत. मजुरी गावच्याच नोटांत आणि त्या मोडायच्या मालकाच्याच दुकानात. मला हे खुपतं. पण मुलांना शाळा फुकट होती, तेही सांगायला हवं.

पुढे १८३७ ची मंदी आली, पेनसिल्व्हेनियाचं लोखंड स्वस्त पडू लागलं आणि १८४० च्या दशकात भट्टी विझली. नंतर पत्रकार आर्थर ब्रिस्बेन यांनी जागा घेतली. त्यांच्या पश्चात ती राज्याकडे आली.

भट्टीचं विटांचं धुराडं उरलंय. तिथे लोक फोटो काढतात आणि छोट्या आगगाडीकडे पळतात. तुम्ही पुन्हा गेलात तर ओल्या जागी साचलेलं तांबूस पाणी शोधा. त्यावर कधी कधी तेलासारखा तवंग दिसतो. काडीने ढोसून बघा. तेल असेल तर पुन्हा मिळून येईल. काचेसारखे तुकडे होऊन ते तसेच राहिले, तर ते लोहाचं पाणी. आपल्या कोकणातही जांभ्याच्या झऱ्यांपाशी हा तवंग मी पाहिलाय.